चिमणीचा आकडा मुंबई-दिल्लीला पोचतो, मग गडचांदूरला का नाही?

पोस्ट मोठी आहे, दोन चहा होतील एवढी. पण विषय आपल्या सगळ्यांच्या छातीतला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या हिवाळ्यात सुटीवर गडचांदूरला आलो होतो. सकाळी गाडी काढायला गेलो तर सीटवर पांढुरकी धूळ. आईने त्यावर बोट फिरवलं, बघितलं आणि म्हणाली, "रातच्यानं लयच सोडलं वाट्टे." एवढं बोलून ती दोरीवरचे कपडे झटकायला गेली. तिच्यासाठी विषय संपला होता. ३० वर्षं ती हेच करते आहे.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर एका काकांनी मला विचारलं, "बाबू, तू येवढा कम्प्युटरवाला. सांग न, रातच्याला किती धूळ सोडते हे कोणी मोजते का नाई?"

मी म्हटलं, मोजतात काका. दिवस-रात्र मोजतात. मोजलेला आकडा काही मिनिटांत मुंबईला आणि दिल्लीला जातो.

काका हसले. म्हणाले, "मंग आमाले काहून नाई सांगत?"

ही पोस्ट म्हणजे काकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा माझा प्रयत्न आहे.

मी हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझं काम म्हणजे वाहत्या डेटाची व्यवस्था उभी करणं. म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो.

जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या येतात. हिशेब ठेवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, दिवसभराच्या पावत्या खिळ्याला टोचून ठेवायच्या आणि संध्याकाळी बसून बेरीज करायची. दुसरी, गाडी उतरली की लगेच बेरीज पुढे सरकवायची, म्हणजे दुपारी दोनला कुणी विचारलं तरी आत्तापर्यंतचा कापूस किती ते सांगता येतं. संगणकाच्या जगात पहिलीला बॅच म्हणतात, दुसरीला स्ट्रीम.

आता समजा काटे ५० आहेत, वेगवेगळ्या गावांत, आणि बेरीज एकच हवी आहे. एक मुनीम पुरणार नाही. १० मुनीम लागतील. त्यातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचं काम तो जिथे थांबला तिथूनच उचललं पाहिजे. एकही पावती सुटायला नको आणि एकही दोनदा मोजली जायला नको. या सगळ्या भानगडी सांभाळणारी तयार सॉफ्टवेअर असतात. ट्विटरने २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं स्टॉर्म, बर्लिनच्या विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं फ्लिंक, ही त्यातली नावाजलेली.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी एक वही असते. लिंक्डइन कंपनीने बनवलेली आणि २०११ मध्येच खुली केलेली, काफ्का नावाची. या वहीचा नियम सोपा आहे. नोंद फक्त शेवटी करायची, मागची ओळ खोडायची नाही. वाचणारे कितीही असोत, प्रत्येकाने आपण कुठपर्यंत वाचलं त्याची खूण स्वतः ठेवायची. एक वाचणारा वाढला म्हणून लिहिणाऱ्याला एक अक्षरही जास्त लिहावं लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता आपल्याकडे येऊ.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक भागांची प्रदूषणाची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. हे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच मंडळाने १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांगितलं की चिमणीत आणि सांडपाण्याच्या नळावर सतत मोजणारी यंत्रं बसवा, आणि आकडे थेट राज्याच्या आणि केंद्राच्या मंडळाच्या सर्व्हरला पाठवा. या १७ प्रकारांत सिमेंट आहे, औष्णिक वीज आहे, कागद आहे. म्हणजे आपला अर्धा जिल्हा त्यात आला.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. भट्टीच्या चिमणीत एक यंत्र असतं, ते धुराच्या प्रत्येक घनमीटरमागे किती मिलिग्रॅम धूळ आहे ते बघतं. सिमेंटच्या भट्टीला मर्यादा ३० मिलिग्रॅमची. यंत्राचा आकडा कारखान्यातल्या डेटा लॉगर नावाच्या पेटीत जातो, तिथून साधारण पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीने सर्व्हरला. मर्यादा ओलांडली तर कारखान्याला आणि मंडळाला आपोआप एसएमएस जातो.

म्हणजे स्ट्रीम आहे. वही लिहिली जाते आहे. वाचणारे आहेत कारखाना, मुंबई आणि दिल्ली. ज्याच्या सीटवर ती धूळ बसते, तो त्या यादीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तांत्रिक कारणाने असेल. नाही मंडळी. माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी कळते. डेटा कुणाला आधी दिसेल, किती वेळाची सरासरी काढायची, आकडा आलाच नाही तर काय समजायचं, हे निर्णय दिसायला तांत्रिक असतात, पण ते घेतो कुणीतरी माणूसच. आणि ते कुणाच्या तरी सोयीचे असतात. हे तीनही निर्णय एकेक करून बघू.

पहिला, वाचणारे कोण.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वनविभागाने कॅमेरे बसवले. गावाकडे वाघ येताना दिसला की संगणक तो ओळखतो आणि इशारा गावाला जातो. विजेचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर थेट वावरात उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलवर सांगतं.

वाघाची बातमी आधी गावाला द्यायची, हे आपल्याला इतकं साहजिक वाटतं की त्यावर कुणी वाद घालत नाही. मग धुळीची बातमी गावाला सोडून आधी मुंबईला का? धूळ वाघासारखी एका दिवसात मारत नाही म्हणून?

आणि वर सांगितलेलं वाक्य आठवा. एक वाचणारा वाढवायला लिहिणाऱ्याला काही करावं लागत नाही. चिमणीत नवीन यंत्र नको, लॉगर नको. सर्व्हरवर आलेला आकडा गडचांदूरच्या एका फलकावर दाखवायचा आहे, बस.

दुसरा निर्णय, सरासरी किती वेळाची.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सामान्य माणूस हरवतो. आपण श्वास घेतो त्या हवेतल्या पीएम-१० नावाच्या बारीक धुळीची देशातली मर्यादा आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तीही २४ तासांची सरासरी. (चिमणीचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, हवेचा मायक्रोग्रॅममध्ये. १,००० मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. दोन्हींची गल्लत करू नका.)

आता एक काल्पनिक दिवस घेऊ. २० तास हवेत ६० मायक्रोग्रॅम आणि रात्रीचे चार तास २८०. गणित करा. २० गुणिले ६० म्हणजे १,२००. चार गुणिले २८० म्हणजे १,१२०. बेरीज २,३२०, भागिले २४. उत्तर ९७ च्या आत. मर्यादा १००. दिवस पास!

आता तेच चार तास रात्री १० ते २ असतील तर? तारीख १२ ला बदलते. दोन तास आजच्या खात्यात, दोन तास उद्याच्या. दोन्ही दिवस बाकी वेळ ६० धरले तर दोन्हींची सरासरी येते ७८ च्या आसपास. रात्र तीच, धूळ तीच, आईच्या छातीतली घरघर तीच. फक्त हिशेबाची रेघ मध्यरात्री मारली म्हणून आकडा आणखी साधा दिसतो.

माझ्या धंद्यात या रेघेला विंडो म्हणतात. खिडकी. ती ठरलेल्या वेळी उघड-बंद होणारी ठेवता येते, किंवा दर तासाला पुढे सरकणारी ठेवता येते. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखंच सोपं. २४ तासांची मर्यादा चुकीची आहे असं मी म्हणत नाही, त्यामागे आरोग्याचा अभ्यास आहे. पण सरासरीसोबत रात्रीचा सगळ्यात मोठा तासही दाखवा, एवढंच मागणं आहे. दम्याचा माणूस सरासरीत श्वास घेत नाही.

आणि हाताने हवा तपासायची राष्ट्रीय पद्धत तर आठवड्यातून दोन दिवसांची आहे, वर्षाला १०४ दिवस. म्हणजे उरलेल्या २६१ दिवसांचा पत्ताच नाही. ही खिळ्याला टोचलेल्या पावत्यांची पद्धत झाली, तीही आठवड्यातून दोनच दिवस पावत्या फाडणारी.

तिसरा निर्णय, आकडा आलाच नाही तर.

आपल्याकडे नेट जातं, लाईन ट्रिप होते. धूळ अडवणारं यंत्रही ट्रिप होऊ शकतं. नेमक्या अशा वेळी आकडा पोचला नाही किंवा उशिरा पोचला तर? स्ट्रीमच्या व्यवस्थेत दोन घड्याळं मानतात. एक घटना घडली तेव्हाचं, दुसरं ती नोंद पोचली तेव्हाचं. रात्री दोनची नोंद सकाळी सातला पोचली तरी ती दोनच्याच खात्यात गेली पाहिजे, आणि दोनचं उत्तर पुन्हा दुरुस्त झालं पाहिजे. नोंद कधीच आली नाही तर तिथे "नोंद नाही" असं लिहिलं पाहिजे. तो तास गाळून उरलेल्यांची सरासरी काढली, तर न आलेला आकडा चांगला समजल्यासारखंच होतं. शाळेत गैरहजर पोराला पास करत नाहीत, इथेही करू नये.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे मूळ नोंदी जपणं. काफ्का बनवणाऱ्यांपैकी एक, जे क्रेप्स, यांनी २०१४ मध्ये एक मांडणी सुचवली. तिला कप्पा म्हणतात. सांगणं एवढंच की मूळ वही शाबूत ठेवा. उद्या प्रश्न बदलला, खिडकी बदलली, तर तीच वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचा आणि नवीन उत्तर काढा. पण मूळ नोंदी फेकून फक्त सरासऱ्या ठेवल्या, तर १० वर्षांनी कुणी विचारलं की आमच्या पोरांच्या लहानपणी रात्री किती धूळ होती, तर सांगायला काहीच उरणार नाही.

आता विरोधात जे बोललं जातं त्याकडे येतो. माझ्या घरातच हे बोललं जातं, म्हणून टाळत नाही.

"कारखाना आहे म्हणून गाव आहे." खरं आहे. माझ्या वडिलांनी ठेकेदाराकडे काम केलं, त्याच पैशावर मी शिकलो. कारखाना बंद करा असं मी म्हणत नाहीये. कोणता कारखाना मर्यादा ओलांडतो असा आरोपही करत नाहीये. कदाचित सगळे आकडे मर्यादेतच असतील. असतील तर फलकावर दिसू द्या, कारखान्याचीच इज्जत वाढेल.

"धूळ फक्त चिमणीची नसते." हेही खरं. चुनखडीच्या खाणी, ओव्हरलोड ट्रक, फुटलेले रस्ते, लोडिंगचं ठिकाण, यातली धूळ चिमणीतल्या यंत्राला दिसत नाही. म्हणून तर लोकवस्तीत, जिथे आपण राहतो तिथे, हवा सतत मोजणारं यंत्र हवं आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसायला हवेत. चिमणी साफ आणि गावातली हवा खराब, असं दिसलं तर दोष रस्त्याचा आहे हे तरी कळेल. आज आपण अंदाजाने भांडतो.

"तपासणी न केलेला आकडा लोकांना दिला तर गैरसमज होईल." हा आक्षेप वजनदार आहे. यंत्र बिघडतं, चुकीचं वाचतं, धूळ मोजणारं यंत्र वेळच्या वेळी जुळवावं लागतं. पण यावरचा उपाय आमच्या धंद्यात केव्हाच निघाला आहे. स्टॉर्म लिहिणारे नेथन मार्झ यांनी मांडलेली लॅम्डा नावाची रचना आहे. त्यात दोन वाटा असतात. एक वेगाची, जी आत्ताचा अंदाज लगेच देते. दुसरी सावकाश, जी सगळं तपासून पक्का हिशेब देते आणि मागचा अंदाज दुरुस्त करते. निवडणुकीच्या मतमोजणीत आपण हेच बघतो. टीव्हीवर कल येतात, नंतर अधिकृत निकाल. कल बदलले म्हणून कुणी मतमोजणी लपवत नाही. फलकावर लिहा "तात्पुरता आकडा". महिनाअखेर तपासलेला लावा. दोन्हींत फरक पडला तर का पडला ते सांगा. लोक शहाणे आहेत.

आणि मी हे काही जगावेगळं मागत नाही. पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला राज्यांना सांगितलं की सतत मोजलेले प्रदूषणाचे आकडे राज्य मंडळाच्या पोर्टलवर लोकांना दिसतील असे ठेवा. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा, त्याच्या कलम ४ मध्ये तर अर्ज न मागताच माहिती स्वतःहून द्यायची जबाबदारी आहे. कायदा आपल्या बाजूने आहे. पण पोर्टलवर असणं वेगळं आणि बस स्टँडवर उभ्या असलेल्या आजीला दिसणं वेगळं. टपरीवर त्या दिवशी बसलेल्या आठ जणांत एकानेही तो आकडा आयुष्यात बघितला नव्हता. मीही नव्हता, आणि मी याच कामाचा पगार घेतो. लाज वाटली.

अशा आकड्यांना ताकद येते तेव्हा काय होतं, तेही बघा. सुरतमध्ये २०१९ पासून तीनशेच्या आसपास कारखान्यांच्या चिमण्यांच्या सतत येणाऱ्या आकड्यांवर धुळीच्या परवान्यांचा बाजार चालवला गेला. जास्त सोडाल तर परवाना विकत घ्या, कमी सोडाल तर विका. संशोधकांनी मोजलं तर धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली होती, आणि कारखाने चालूच होते. यंत्रं सुरतेलाही आहेत, आपल्याकडेही. फरक एवढाच की तिथे आकड्याच्या मागे पैसा लागला.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गडचांदूर नगर परिषदेने ठराव करावा, आणि नांदा, बिबी, आवारपूर, उपरवाही, नारंडा अशा कारखान्यांच्या आसपासच्या सगळ्या ग्रामसभांनीही:

१. बस स्टँडवर आणि नगर परिषदेसमोर मोठा फलक, मराठीत. प्रत्येक चिमणीचा ताजा आकडा, मर्यादा, आणि कालच्या रात्रीचा सगळ्यात मोठा आकडा.

२. लोकवस्तीत हवा सतत मोजणारं यंत्र, आणि त्याचा आकडा त्याच फलकावर.

३. नोंद नसेल तिथे "नोंद नाही". गाळायचं नाही, झाकायचं नाही.

४. मर्यादा ओलांडल्याचा जो एसएमएस कारखान्याला आणि मंडळाला जातो, तोच नाव नोंदवणाऱ्या नागरिकाला. शाळांना आणि आशाताईंना आधी.

५. मूळ पंधरा मिनिटांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आणि कुणालाही मागता याव्यात.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन शोध लावायचा नाही. आपल्याच भागातली इंजिनिअरिंगची पोरं पुण्या-हैदराबादेत याहून शंभरपट मोठ्या व्यवस्था चालवतात, कुणीतरी ऑनलाईन चप्पल मागवली की तिचं पार्सल कुठपर्यंत आलं ते मिनिटामिनिटाला दाखवायला. ठराव झाला तर सॉफ्टवेअरचं काम मी सुटीच्या दिवसांत फुकट करायला तयार आहे, आणि मला माहीत आहे की माझ्यासारखे आणखी निघतील.

त्या दिवशी संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रात्री कपडे बाहेर ठेवावे का घरात घ्यावे, हे मले आधी समजन?"

हो आई. एवढं तरी समजलं पाहिजे.

पटलं तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन. कारखान्यात काम करणाऱ्या भावांनी तर नक्की लिहा. चुकलो असेन तर दुरुस्त करा, पोस्ट बदलून टाकीन.